अमिनो-ऑलिगोवर अमिनो आम्ल बसत नाही किंवा अर्धवटच बसते: समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा एकाच रूपात येते. ५′ टोकाला सहा कार्बनचा अमिनो लिंकर असलेला डीएनए ऑलिगो (डीएनएची छोटी साखळी) घेतला, त्यात एफमॉक-ग्लायसिनचा (एफमॉक म्हणजे अमिनो आम्लाच्या अमाईनवरचे तात्पुरते झाकण) एनएचएस एस्टर (अमाईनशी जुळणारे सक्रिय रूप) ५० पट घातला, रात्रभर ठेवला, आणि सकाळी एचपीएलसीवर (घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहावे तर मूळ पीक जागच्या जागी. कधी तिसरा हिस्सा सरकलेला असतो, कधी काहीच नाही. मग एस्टर १०० पट होतो, मग २०० पट. निकाल तोच.

एस्टर वाढवून हा प्रश्न सहसा सुटत नाही, कारण बिघाड बहुधा अमिनो आम्लाच्या बाजूला नसतोच. तो ऑलिगोवरच्या अमाईनमध्ये असतो आणि अमिनो आम्ल व्हायलमध्ये पडण्याआधीच झालेला असतो. अमाईन एक तर कायमचे बंद झालेले असते, नाही तर त्याच्या वाटचा एस्टर दुसरेच कोणी तरी खाऊन टाकते. म्हणून नवीन एस्टर मागवण्याआधी सुरुवातीच्या ऑलिगोचा मास (वस्तुमानाचे मापन) नीट वाचा. उत्पादनाचा नव्हे, सुरुवातीच्या मालाचा.

मास काय सांगतो

अपेक्षित वस्तुमानापेक्षा किती जास्त दिसते, त्यावरून दोष ओळखता येतो. +५३ म्हणजे सायनोइथाइल: अमोनियाने डीप्रोटेक्शन करताना फॉस्फेटवरून सुटलेले अ‍ॅक्रिलोनायट्राइल अमाईनवर जाऊन बसले. +४२ म्हणजे अ‍ॅसिटाइल. +४३ म्हणजे कार्बामाइल. +९६ म्हणजे न निघालेला ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटाइल, +२७२ म्हणजे न निघालेला एमएमटी (दोन्ही संश्लेषणात अमाईन झाकणारे गट). आणि कपलिंगनंतर +९८ दिसले, तर एचएटीयू किंवा एचबीटीयू (आम्ल सक्रिय करणारी कपलिंग द्रव्ये) थेट अमाईनवर बसून टेट्रामिथाइल-ग्वानिडीन तयार झाले आहे. +२२ आणि +३८ हे फक्त सोडियम आणि पोटॅशियम, त्यांची काळजी नको.

इथे एक सापळा आहे. ग्लायसिन बसले की वस्तुमान ५७.०५ ने वाढते. सायनोइथाइल बसले की ५३.०६ ने. फरक चार डाल्टनचा. २० बेसच्या ऑलिगोचे वस्तुमान साधारण ६२०० असते, आणि लिनियर मोडमधल्या माल्डीची (मास मोजायची एक पद्धत) अचूकता ०.१ टक्का धरली तरी चूक सहा डाल्टनपर्यंत जाते. म्हणजे अमाईन मेलेले असताना ‘ग्लायसिन बसले’ असा अहवाल हातात पडू शकतो. +४२ आणि +४३, +९६ आणि +९८ यांचेही तसेच. त्यामुळे निदानासाठी ईएसआय (मास मोजायची जास्त अचूक पद्धत) वापरा. माल्डीच हाताशी असेल, तर मास एफमॉक काढण्याआधी घ्या. एफमॉक-ग्लायसिनची वाढ २७९.३ आहे, तिथे घोटाळ्याला जागा नाही. पद्धत बसवताना ग्लायसिनऐवजी फेनिलअ‍ॅलानिन घेणे त्याहून बरे: एफमॉक गेल्यावरही वाढ १४७.२ राहते आणि एचपीएलसीवर पीकही स्पष्ट सरकतो. बाकीचे आकडे: अ‍ॅलानिन ७१.१, ल्युसिन ११३.२, लायसिन १२८.२, ट्रिप्टोफॅन १८६.२.

अमाईन जिवंत आहे का, याची छोटी चाचणी

अमिनो-ऑलिगो १ नॅनोमोल, ०.१ मोलर ताजे सोडियम बायकार्बोनेट (पीएच ८.३) १० मायक्रोलिटर, त्यात एनएचएस-अ‍ॅसिटेटचे डीएमएसओमधले १०० मिलिमोलर द्रावण १ मायक्रोलिटर. अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवा, मीठ काढा, मास घ्या. सगळा पीक ४२ ने पुढे गेला तर अमाईन शाबूत आहे आणि द्रावणही स्वच्छ आहे. हीच चाचणी त्याच ऑलिगोच्या दोन नमुन्यांवर करा: एक जसा आला तसा, दुसरा खाली दिल्याप्रमाणे सोडियम क्लोराइडने अवक्षेपित केलेला. दुसरा सरकला आणि पहिला नाही, तर दोष क्षारांचा. दोन्ही सरकले नाहीत, तर अमाईन बंद आहे. सोबत अमाईन नसलेला साधा ऑलिगोही लावा. तो हलता कामा नये, कारण या पीएचला बेसवरचे अमिनो गट एनएचएस एस्टरशी जवळपास प्रतिक्रिया देत नाहीत.

अमाईन बंद असेल तर

+५३ हा सर्वात जास्त आढळणारा दोष, आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. ऑलिगो पुन्हा करावा लागतो. टाळणे मात्र सोपे आहे: संश्लेषण संपल्यावर, अमोनिया घालण्याआधी, ऑलिगो सीपीजीवर (ज्या काचेच्या मण्यांवर तो बांधतात त्यांवर) असतानाच कॉलममधून अ‍ॅसिटोनायट्राइलमधले २० टक्के डायइथाइलअमाईन पाच मिनिटे सोडा आणि वर भरपूर अ‍ॅसिटोनायट्राइलने धुवा. सायनोइथाइल गट इथेच निघतात आणि सुटलेले अ‍ॅक्रिलोनायट्राइल डायइथाइलअमाईन पकडते. हे द्रावण नुसते भरून ठेवू नका, वाहते ठेवा. अमाईनवर एमएमटी असेल तर ही धुणी एमएमटी असतानाच करा. अमाईन झाकलेले असते, त्यामुळे धोका उरतच नाही. डायइथाइलअमाईनच्या जागी डीबीयू वापरू नका. ते सायनोइथाइल काढते पण अ‍ॅक्रिलोनायट्राइलला पकडत नाही, आणि मग मोकळे राहिलेले हेच द्रव्य थायमिनच्या एन३ वर जाऊन बसते.

+४२ दिसले तर संश्लेषकाचा प्रोग्रॅम पाहा. एमएमटी काढल्यावर कॅपिंगची (न वाढलेल्या साखळ्या बंद करण्याची) पायरी चालू राहिली असेल, तर अ‍ॅसिटिक अनहायड्राइडने अमाईन बंद केले. शेवटच्या मोनोमरनंतर कॅपिंग बंद ठेवा.

+४३ चे मूळ बहुतेकदा जेलमध्ये सापडते. युरियाच्या जेलमधून शुद्ध केलेल्या ऑलिगोत जुन्या युरियाच्या द्रावणातले सायनेट अमाईनला कार्बामाइल करते. अमिनो-ऑलिगोसाठी युरियाचे द्रावण ताजेच करा, जेलमधून काढताना गरम करू नका, आणि शक्य असेल तर जेल टाळून एचपीएलसीच वापरा.

एमएमटी अमाईनवरून निघायला डीएमटीपेक्षा (मोनोमरवरच्या तशाच झाकणापेक्षा) हट्टी असतो. जलीय आम्लात तो सुटतो आणि परत बसतो, म्हणून ८० टक्के अ‍ॅसिटिक आम्लात तासभर ठेवूनही थोडा उरतो. कॉलमवर काढणे चांगले: डायक्लोरोमिथेनमधले ३ टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल एक-एक मिलिलिटर करून ढकला. बाहेर येणारे द्रावण पिवळे असते (डीएमटीचे नारिंगी असते). रंग पूर्ण जाईपर्यंत चालू ठेवा, आणि रंग गेल्यावर आणखी एक मिलिलिटर. आम्ल कॉलममध्ये अडकवून ठेवले तर एमएमटी परत बसतो आणि प्युरिनही गळतात. वाहते ठेवले तर दोन्ही टळते.

अमाईन ठीक आहे, पण एस्टर दुसरीकडेच जातो

इथे मुख्य आरोपी अमोनियम, ट्रिस आणि उरलेली अमाईन्स. डीप्रोटेक्शनचा अमोनिया सुकवला तरी अमोनियम आयन फॉस्फेटला चिकटून राहतात: २० बेसच्या ऑलिगोवर लिंकरच्या फॉस्फेटसह २० फॉस्फेट म्हणजे एका अमाईनमागे २० अमोनियम. पीएच ८.५ ला त्यातला थोडा अमोनिया मोकळा होतो आणि एस्टर खातो. ऑलिगो ट्रिस-ईडीटीएमध्ये विरघळवलेला असेल तर प्रश्नच मिटला: १० मिलिमोलर ट्रिस म्हणजे १ मिलिमोलर ऑलिगोच्या दहापट स्पर्धक अमाईन.

उपाय सोडियमने अदलाबदलीचा. १०० मायक्रोलिटर ऑलिगोत ५ मोलर सोडियम क्लोराइड १० मायक्रोलिटर, मग ३०० मायक्रोलिटर थंड इथेनॉल, उणे २० अंशाला तासभर, १२,००० जी ला ४ अंशावर ३० मिनिटे. वरचे द्रव काढा, ७० टक्के इथेनॉलने धुवा, सुकवा. हे एकूण तीन वेळा. एकदा करून थांबणे ही नेहमीची चूक आहे. अमोनियम अ‍ॅसिटेट वापरून अवक्षेपण करण्याची सवय असेल तर या कामापुरती ती सोडा. १५ बेसपेक्षा लहान ऑलिगो इथेनॉलने नीट खाली बसत नाही, त्यासाठी सी१८ कार्ट्रिजवर चढवून सोडियम क्लोराइडच्या द्रावणाने आणि नंतर पाण्याने धुवा.

सोडियम अ‍ॅसिटेटबद्दल एक वेगळा इशारा. एनएचएस एस्टरच्या कपलिंगला त्याचा त्रास नाही. पण डीएमटीएमएम किंवा ईडीसी (आम्ल व्हायलमध्येच सक्रिय करणारी द्रव्ये) वापरणार असाल, तर उरलेले अ‍ॅसिटेट हेही एक कार्बॉक्सिलिक आम्लच आहे. ते सक्रिय होते आणि अमाईनवर अ‍ॅसिटाइल बसते. टीईएए (ट्रायइथाइलअमोनियमचे अॅसिटेट) बफरने एचपीएलसी केलेल्या ऑलिगोतही अ‍ॅसिटेट असते. ‘सुरुवातीचा मास स्वच्छ, पण कपलिंगनंतर +४२’ हे लक्षण दिसले की इथेच पाहा.

डीएमएफ जुने झाले की त्यात डायमिथाइलअमाईन तयार होते. बाटली उघडल्यावर माशासारखा वास आला तर ती या कामातून बाद. डीएमएसओ पाणी ओढून घेते, त्यात विरघळवलेला एस्टर फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याने वापरणे म्हणजे बराचसा साधे आम्लच घालणे. एस्टर दर वेळी ताजा तोला, आणि बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

पीएच: हिशेब करून पाहा

अल्काइल अमाईनचा पीकेए सुमारे १०.५. म्हणजे पीएच ८.५ ला शंभरातले एकच अमाईन मोकळे असते, बाकी सगळे प्रोटॉन घेऊन बसलेले. पीएच ७.५ ला ते हजारात एक होते. दुसरीकडे एनएचएस एस्टर पाण्यात तुटत असतो: पीएच ७ आणि ० अंशाला त्याचे अर्धायुष्य ४ ते ५ तास, पण पीएच ८.६ आणि ४ अंशाला जेमतेम १० मिनिटे. त्यामुळे एकदम ५० पट घालून रात्रभर ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या तासानंतर त्या व्हायलमध्ये काहीच घडत नसते.

याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पीएच टिकत नाही. समजा १०० नॅनोमोल ऑलिगो १०० मायक्रोलिटर ०.१ मोलर बोरेटमध्ये आहे, पीएच ८.५. एकूण बोरेट १० मायक्रोमोल. बोरिक आम्लाचा पीकेए ९.२, म्हणून आम्ल शोषू शकणारा भाग फक्त १.५ मायक्रोमोल. त्यात ५० पट एस्टर, म्हणजे ५ मायक्रोमोल पडला. तो तुटला की ५ मायक्रोमोल कार्बॉक्सिलिक आम्ल आणि ५ मायक्रोमोल एन-हायड्रॉक्सीसक्सिनिमाइड तयार होते, ज्याचा पीकेए सुमारे ६ आहे. दोन्ही मिळून जवळपास १० मायक्रोमोल प्रोटॉन, आणि पेलायला १.५. पीएच कोसळतो, अमाईन प्रोटॉन घेते, कपलिंग थांबते. एस्टर १०० पट केला की पीएच आणखी लवकर कोसळतो. ‘जास्त घातले तरी उत्पादन तेवढेच’ याचे उत्तर बऱ्याचदा एवढेच असते.

म्हणून बफर असा घ्या:

ऑलिगो १०० नॅनोमोल, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ८.५ केलेल्या ०.५ मोलर हेपेसच्या १०० मायक्रोलिटरमध्ये. एफमॉक-ग्लायसिन एनएचएस एस्टर (३९४.४) २ मिलिग्रॅम, ५० मायक्रोलिटर कोरड्या डीएमएसओमध्ये. हे द्रावण एकदम न घालता तीन भागांत घाला, २० मिनिटांच्या अंतराने, मध्ये हलवत. प्रत्येक भागाआधी अर्धा मायक्रोलिटर पीएचच्या कागदावर टेकवा. रंग ८ च्या खाली गेला तर १ मोलर सोडियम कार्बोनेटचा एखादा मायक्रोलिटर घालून वर आणा. शेवटच्या भागानंतर एक तास पुरे.

फेनिलअ‍ॅलानिन किंवा ट्रिप्टोफॅनचा एफमॉक एस्टर एवढ्या पाण्यात गढूळ होतो. दूध दिसले की समजा एस्टर द्रावणात नाही. डीएमएसओ ५० टक्क्यांपर्यंत वाढवा, पण त्यापुढे जाऊ नका, कारण मग उलट ऑलिगो आणि बफरचे मीठ खाली बसू लागते.

जी अमिनो आम्ले एस्टरच्या रूपात मिळत नाहीत त्यांच्यासाठी डीएमटीएमएम उत्तम. ऑलिगो १ मिलिमोलर, २५० मिलिमोलर बोरेट पीएच ९.४, १०० मायक्रोलिटर. त्यात २०० मिलिमोलर एफमॉक-अमिनो आम्ल डायमिथाइलअ‍ॅसिटामाइडमध्ये २० मायक्रोलिटर, मग पाण्यात नुकतेच विरघळवलेले २०० मिलिमोलर डीएमटीएमएम २० मायक्रोलिटर. म्हणजे दोन्ही ४० पट. ४ अंशाला रात्रभर. या पीएचला बोरेटचा निम्म्याहून अधिक भाग आम्ल शोषू शकतो, म्हणून इथे तोच बफर नीट चालतो.

सीपीजीवरच जोडत असाल तर

डायइथाइलअमाईन आधी, ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल नंतर, हा क्रम वर आलाच. त्यानंतरची पायरी मात्र हमखास सुटते: एमएमटी काढल्यावर अमाईन ट्रायक्लोरोअ‍ॅसिटेटचे मीठ म्हणून बसलेले असते. डीएमएफमधल्या ५ टक्के डीआयपीईएने (एक अल्कधर्मी अमाईन) कॉलम धुऊन ते मोकळे करा, मग कोरड्या डीएमएफने. डायइथाइलअमाईनचा अंशही उरता कामा नये.

१ मायक्रोमोलच्या कॉलमसाठी एफमॉक-ग्लायसिन १४.९ मिलिग्रॅम (५० मायक्रोमोल), एचएटीयू १८.१ मिलिग्रॅम (४७.५ मायक्रोमोल), डीआयपीईए १७.४ मायक्रोलिटर, कोरडे डीएमएफ २५० मायक्रोलिटर. एचएटीयू आम्लापेक्षा किंचित कमी आहे, ते मुद्दाम. शिल्लक राहिलेले एचएटीयूच +९८ करते. मिश्रण कॉलमबाहेर दोन ते तीन मिनिटे राहू द्या, मग दोन सिरिंजांमध्ये अर्धा तास पुढे-मागे ढकला. ताजे मिश्रण करून पुन्हा एकदा. एचएटीयूची काही जणांना तीव्र अ‍ॅलर्जी होते, तोलताना हातमोजे आणि फ्यूम हूड सोडू नका.

अमाईन उरले का, हे पाहायला एक-दोन मिलिग्रॅम सीपीजी काढून निनहायड्रिन चाचणी करता येते. निळा म्हणजे मोकळे अमाईन शिल्लक. पण सीपीजीचे लोडिंग ग्रॅमला ३० ते ४० मायक्रोमोल एवढेच असते, म्हणून रंग फिका येतो. शेजारी कपलिंग न केलेले मणी त्याच वेळी गरम करा आणि दोन्हींची तुलना करा. नुसत्या एका नळीवरून निर्णय घेऊ नका. प्रोलिनवर ही चाचणी निळी होत नाही.

एफमॉक काढताना

मणी असतील तर डीएमएफमधले २० टक्के पिपेरिडीन, आधी ५ आणि मग १० मिनिटे. गोळा केलेल्या द्रावणाचे ३०१ नॅनोमीटरला शोषण मोजा. पिपेरिडीनशी जोडलेल्या डायबेन्झोफल्व्हीनचा गुणांक ७८०० धरला की किती अमिनो आम्ल बसले होते ते थेट कळते. द्रावणात असेल तर १० टक्के जलीय पिपेरिडीन, अर्धा ते एक तास. पांढरा गाळ येईल, तो इथाइल अ‍ॅसिटेटने काढा, मग सोडियम क्लोराइड-इथेनॉलने दोनदा अवक्षेपण. दोनदा करायलाच हवे, कारण पिपेरिडीन उरले तर पुढच्या अमिनो आम्लाचा एस्टर ते खाते. याची खूणही आहे: अमिनो आम्लाच्या अल्फा-अमाईनचा पीकेए सुमारे ८, म्हणजे त्याच पीएचला ते लिंकरच्या अमाईनपेक्षा कितीतरी जास्त मोकळे असते. दुसरे अमिनो आम्ल पहिल्यापेक्षा सहज बसायला हवे. ते अडखळले तर आधी पिपेरिडीनवर संशय घ्या.

शुद्धीकरण एफमॉक असतानाच करा. सी१८ कॉलम, ०.१ मोलर टीईएए पीएच ७, अ‍ॅसिटोनायट्राइल ३० मिनिटांत ५ वरून ३५ टक्के. एफमॉक असलेला ऑलिगो काही मिनिटे उशिरा, एकटा बाहेर येतो. एफमॉक काढल्यावर ग्लायसिनचा ऑलिगो आणि मूळ अमिनो-ऑलिगो एकमेकांवरच येतात, मग वेगळे करणे जवळपास अशक्य.

साखळीच्या बाजूचे गट, आरएनए आणि एस्टर जोड

बॉक, टर्शरी-ब्युटिल आणि सिस्टीन-हिस्टिडीनवरचा ट्रिटिल ही झाकणे काढायला ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्ल लागते आणि त्यात डीएनएचे प्युरिन गळून पडतात. लायसिनसाठी बाजूच्या साखळीवर एफमॉक किंवा ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटाइल असलेले रूप घ्या. ग्लुटामिक आणि अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा मिथाइल एस्टर घेऊन नंतर अमोनिया वापरला तर आम्लाऐवजी अमाइड मिळते, आणि मासमध्ये फरक फक्त एका डाल्टनचा असल्याने तो नजरेतून सुटतो. मिथायोनिन नेहमी शेवटी जोडा. त्यानंतर आयोडीनची पायरी आली तर +१६ दिसेल.

आरएनएवर एफमॉक काढायचा असेल तर २′ वरचा टीबीडीएमएस (तिथल्या हायड्रॉक्सिलचे झाकण) तसाच ठेवून काढा. उघड्या आरएनएवर जलीय पिपेरिडीन म्हणजे साखळीच तुटणे.

वरचे सगळे अमाइड जोडासाठी आहे. अमिनो आम्ल ३′ टोकाच्या हायड्रॉक्सिलवर एस्टरने जोडले असेल, जसे टीआरएनएवर असते, तर पीएच ७ च्या आसपासही ते सुटू लागते. तिथे सगळे डीप्रोटेक्शन आधी उरका, अमिनो आम्ल शेवटी चढवा, आणि नमुना पीएच ५ च्या सोडियम अ‍ॅसिटेटमध्ये उणे ८० अंशाला ठेवा. अशा नमुन्याचा मास टीईएएच्या एचपीएलसीनंतर रात्रभर टेबलावर ठेवून घेतला आणि मूळ ऑलिगो दिसला, तर कपलिंग झालेच नव्हते असे समजू नका. नवा नमुना घ्या, आणि काढल्यापासून तासाभरात मोजा.